स्वल्पविरामावर उडणारे विमान

विमानाचे नाक वर उचलावयाचे असेल तर स्वल्पविराम दाबावा, खाली आणावयाचे असेल तर तिरकी रेघ, आणि उलटे झालेले विमान सुलटे करावयाचे असेल तर या दोहोंच्या मधला पूर्णविराम. ही तीन चिन्हे इंग्रजी कळफलकावर एका ओळीत शेजारीशेजारी बसविलेली आहेत. टंकलेखन शिकणाऱ्यांना त्यांचा एकच उपयोग ठाऊक असतो. ‘सॉपविथ’ नावाच्या संगणकीय खेळात मात्र सारे उड्डाण या तीन कळांवर चालते. डाव्या हाताच्या बोटांखाली एक्स आणि झेड ही अक्षरे : पहिल्याने वेग वाढतो, दुसऱ्याने कमी होतो. मशीनगन झाडावयाची ती शब्दाशब्दांत जागा सोडण्याच्या लांब पट्टीने आणि बाँब टाकावयाचा तो बी या अक्षराने. याखेरीज एच अक्षराची एक कळ आहे. ती दाबली की विमान आपले आपण घराची वाट धरते. या शेवटच्या कळेकडे वाचकांनी जरा लक्ष ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचनाचा रोख तिच्याकडेच आहे.

हा खेळ १९८४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, मिल्टन या गावच्या बी. एम. बी. कॉम्प्यूसायन्स नावाच्या कंपनीत तयार झाला. कर्ता डेव्हिड क्लार्क. कंपनीचा धंदा मुळी खेळांचा नव्हताच. तिने ‘इमॅजिनेट’ नावाची एक योजना सिद्ध केली होती. निरनिराळे संगणक तारांनी एकमेकांस जोडावयाचे आणि एकाची माहिती दुसऱ्यास पोहोचवावयाची, असे तिचे स्वरूप होते. आज ज्या गोष्टीचे लहान मुलासही नवल वाटत नाही, ती त्या काळी गिऱ्हाइकास प्रत्यक्ष दाखवून पटवून द्यावी लागे. हिशेबाचे आकडे एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेलेले पाहून कोणाचे डोळे विस्फारणार? पण दोन टेबलांवरील दोन माणसे एकाच आकाशात एकमेकांचा पाठलाग करू लागली, म्हणजे जोडणीची करामत न सांगताच ध्यानात येते. सॉपविथचा जन्म असा झाला. मालाच्या विक्रीसाठी दुकानापुढे जसा एखादा गारुडी बसवावा, तसा.

ज्या यंत्रावर तो चालावयाचा त्याची ऐपत किती होती, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावयास हवे. आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला होता. त्याचा चित्रफलक आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके दाखवी, आणि अशा चित्रांत एका वेळी रंग मिळत ते अवघे चार. काळी पार्श्वभूमी, एक निळसर, एक जांभळट गुलाबी आणि एक पांढरा, एवढ्यावर सृष्टी उभी करावयाची. आपले विमान निळसर, शत्रूचे गुलाबी. विमान म्हणजे सोळा ठिपके लांब आणि सोळा ठिपके उंच अशा चौकोनात मावणारी ठिपक्यांची रांगोळीच. ते कोलांटी मारताना गुळगुळीत फिरत नाही, तर सोळा ठरावीक कोनांतून टप्प्याटप्प्याने फिरते. आवाजासाठी यंत्राच्या पोटात एक क्षुद्र भोंगा असे, तो एका वेळी एकच सूर काढी. त्या एका सुरात इंजिनाची घरघर, गोळ्यांची तडतड आणि बाँबची शीळ हे सारे बसवलेले आहे. ऐकणारा थोडा सोशिक असला म्हणजे झाले.

आपल्याकडे त्या दशकात असे यंत्र घरी असणे ही फार थोड्यांची चैन होती. पुष्कळांनी ते प्रथम पाहिले ते एखाद्या कचेरीत किंवा संगणकाच्या वर्गात, चपला दाराबाहेर काढून, थंड केलेल्या खोलीत, दोघातिघांत एक खुर्ची वाटून घेऊन. शिकवणी संपल्यावर खिशातून हळूच फ्लॉपी निघे आणि पुढील अर्धा तास अभ्यासक्रमात नसलेल्या विद्येत जाई. असे खेळ हातोहात नकलून घेतले जात. त्यांच्या जाहिराती नव्हत्या, वेष्टनेही नव्हती.

आता खेळाकडे वळू. पडद्यावर डोंगरटेकड्यांची एक रेघ दिसते. तिच्यावर मधूनमधून इमारती, कारखाने, तेलाच्या टाक्या आणि रणगाडे. आपले विमान आपल्या विमानघरापुढील सपाट जागेवर उभे असते. त्यास धाव देऊन उडवावयाचे, शत्रूची ठाणी उद्ध्वस्त करावयाची आणि वाटेत संगणक स्वतः चालवीत असलेली विमाने आडवी आली तर त्यांच्याशी झुंजावयाचे. विमाने मिळतात पाच. येथवर ऐकून कोणीही म्हणेल की यात विशेष ते काय? त्या काळी असे गोळीबाराचे खेळ शेकड्यांनी निघत होते. त्यांतील बहुतेकांत नायकाजवळ अक्षय्य भाता असे. कळ दाबून धरली की गोळ्यांचा पाऊस पडे आणि खेळणारा मरेपर्यंत पुढे पुढे जात राही. मागे वळून पाहण्याचे कारणच नसे.

सॉपविथमध्ये ते कारण आहे. इंधन मोजके, गोळ्या मोजक्या, बाँब तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. ते संपत आले म्हणजे जिद्दीचा उपयोग नाही, परत फिरावेच लागते. आणि परत फिरणे म्हणजे नुसते घराच्या दिशेने उडणे नव्हे. वेग बेताबेताने उतरवावयाचा, नाक फार खाली जाऊ द्यावयाचे नाही, फार वर राहू द्यावयाचे नाही, आणि चाके त्या अरुंद सपाट पट्टीवरच टेकवावयाची. शेजारच्या इमारतीस पंख लागला की सारे संपले. नवशिका खेळाडू शत्रूच्या गोळीने क्वचितच मरतो. तो टेकडीवर आदळतो, आपल्याच बाँबच्या स्फोटात सापडतो, नाही तर उतरताना स्वतःच्या विमानघरात शिरतो! प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळाची खरी गोडी या एका गोष्टीत साठवलेली आहे. येथे पराक्रमाची गणती परत आल्यावर होते. एच ही घराची कळ घातली आहे ती त्यासाठीच. पण तिच्यावर विसंबण्याची सवय लागली की उतरण्याची विद्या कधीच येत नाही, म्हणून जाणते खेळाडू तिला हात लावीत नाहीत.

उड्डाणाचे नियमही क्लार्क यांनी बऱ्याच इमानाने पाळले आहेत. हावरेपणाने सरळ वर चढू गेले की वेग ओसरत जातो आणि एका क्षणी पंखांखालची हवा विमानास धरीनाशी होते. मग कळा दाबूनही काही चालत नाही, विमान दगडासारखे खाली येऊ लागते. वैमानिकांच्या भाषेत यास ‘स्टॉल’ म्हणतात. यातून सुटण्याचा मार्ग भित्र्या मनास उलटा वाटणारा आहे. जमीन जवळ येत असताना नाक जमिनीकडेच करावयाचे, वेग पुन्हा मिळवावयाचा आणि मग वर उचलावयाचे. दुसरी गंमत उलटे होण्याची. स्वल्पविराम धरून ठेवला की विमान वर चढून पाठीवर होते आणि आलेल्या दिशेने परत उडू लागते. शत्रू पाठीशी लागला असता हा डाव फार उपयोगी पडतो. पण आता वैमानिकाचे डोके जमिनीकडे आहे. जी कळ इतका वेळ नाक वर नेत होती, तीच आता ते खाली नेईल. म्हणून लगेच पूर्णविराम दाबून सुलटे व्हावयाचे. हे जो विसरला त्याच्यासाठी खाली टेकडी तयारच असते. एवढ्याशा ठिपक्यांच्या चित्रात पंख, वेग, वजन आणि दिशा यांचे नाते इतके स्पष्ट व्हावे, याचे कौतुक वाटते.

खेळाच्या पुढील आवृत्तीत पक्ष्यांचे थवे आले आणि जमिनीवर बैल आले. होय, बैल. ते कोणाच्याच बाजूचे नाहीत, चरत उभे असतात. त्यांना गोळी किंवा बाँब लागला की मिळवलेल्या गुणांतून चांगले दोनशे वजा होतात. युद्धाच्या खेळात निरपराध प्राण्याच्या हत्येबद्दल दंड बसविणारा कर्ता रसिक तर खराच, पण त्याच्या ठायी काही विवेकही असावा.

ज्या विमानाचे नाव या खेळाने घेतले, त्याची हकीकत इतकी मौजेची नाही. टॉमस सॉपविथ यांनी १९१२ साली इंग्लंडात विमाने बांधणारी कंपनी काढली. किंग्स्टन गावात स्केटिंगसाठी बांधलेल्या एका सभागृहात तिचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात तिने जी दुपंखी विमाने बनविली, त्यांत ‘कॅमल’ सर्वांत प्रसिद्ध. ते प्रथम उडाले १९१६ च्या डिसेंबरात आणि १९१७ च्या उन्हाळ्यात आघाडीवर आले. वैमानिकापुढील दोन मशीनगनांवर पत्र्याचे उंचवट्यासारखे आच्छादन असे, त्यावरून हे ‘उंट’ नाव पडले. सुमारे साडेपाच हजार कॅमल बांधली गेली. त्यांनी शत्रूची जवळजवळ तेराशे विमाने पाडली असे मानतात. दोस्तांच्या दुसऱ्या कोणत्याही लढाऊ विमानाच्या खात्यावर एवढा आकडा नाही.

परंतु हे विमान शत्रूस जितके घातक तितकेच ते स्वतःच्या वैमानिकास. त्याचा सांगाडा लाकडाचा आणि वर कापड. इंजिन, मशीनगन, इंधन आणि माणूस हा सारा भार पुढच्या सात फुटांत एकवटलेला. शिवाय इंजिन चमत्कारिक जातीचे. आपल्या मोटारीत इंजिन स्थिर राहते आणि दांडा फिरतो. येथे दांडा स्थिर आणि पंख्याबरोबर अख्खे इंजिनच गरगर फिरे. या फिरत्या वजनामुळे विमान उजवीकडे विजेच्या वेगाने वळे, पण वळताना नाक खाली घाली. डावीकडे ते नाखुशीने वळे आणि नाक वर काढी. जाणत्याच्या हाती हा गुण होता, नवख्यास मृत्यू. वंगण म्हणून एरंडेल वापरीत, आणि जळलेल्या एरंडेलाचा धूर वैमानिकाच्या तोंडावर येई. त्याचा पोटावर काय परिणाम होई हे ज्यांचे बालपण एरंडेलाच्या धाकात गेले त्यांना सांगावयास नको. कॅमल चालविताना युद्धात चारशेच्या वर वैमानिक मेले, आणि लढाईशिवाय, म्हणजे शिकताना, उडताना, उतरताना, आणखी सुमारे पावणेचारशे. त्या काळच्या ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीही दिलेली नसे. खेळातील नवशिक्या मुलाची पहिली पाच विमाने टेकडीवर जातात, तेव्हा तो नकळत याच इतिहासाची उजळणी करीत असतो. फरक इतकाच की त्याला सहावे विमान मागता येते.

खेळ कॅनडात जन्मला आणि कॅमलच्या कीर्तीतही कॅनडाच्या तरुणांचा वाटा मोठा होता. ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक रिख्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी पडला, तेव्हा त्याच्या पाठीशी लागलेले कॅमल ओंटारिओच्या रॉय ब्राउन याचे होते. त्यास लागलेली गोळी मात्र जमिनीवरून आली असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा कॅनडियन विल्यम बार्कर. त्याच्या हाताखाली २८ व्या पथकात एक शीख तरुण कॅमल चालवीत होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचे नाव हरदितसिंग मलिक. जन्म रावळपिंडीचा, शिक्षण ऑक्सफर्डला. भारतीय म्हणून ब्रिटिश सैन्यात वैमानिकाची जागा मिळेना, तेव्हा त्यांनी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णगाडी चालविली. फ्रेंच हवाई दल त्यांना घेण्यास तयार झाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी रदबदली केली आणि ब्रिटिशांचे दार उघडले. पगडी उतरविण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून तिच्यावर बसेल असे खास शिरस्त्राण करवून घेण्यात आले. १९१७ च्या ऑक्टोबरात फ्लँडर्सवरील एका चकमकीत त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, विमानाची चाळण झाली, आणि अशा स्थितीत त्यांनी ते कसेबसे आपल्या बाजूच्या चिखलात आणून आदळले. ते वाचले. पुढे मुलकी सेवेत गेले, आणि स्वातंत्र्यानंतर कॅनडातील भारताचे पहिले हायकमिशनर झाले. त्यांचे निधन १९८५ साली झाले, म्हणजे मिल्टन गावात ठिपक्यांचे कॅमल उडू लागल्यानंतर सुमारे वर्षभराने. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी असे योगायोग नजरेस आले की सांगितल्यावाचून राहवत नाही. खुद्द टॉमस सॉपविथही खेळ निघाला त्या वर्षी हयात होते. त्यांचे वय ९६ होते, आणि पुढे १९८९ साली ते १०१ वर्षांचे होऊन वारले.

सर्वच परतले नाहीत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर याच कारखान्याचे ‘डॉल्फिन’ नावाचे दुपंखी विमान चालवीत. १९१८ च्या जूनअखेर ते शत्रूच्या मुलखावर पडले आणि जखमांनी मरण पावले. त्यांचे दफन फ्रान्समध्येच झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय गेले. त्यांचे विमान वेगळ्या बनावटीचे होते. दहा विजय नावावर, आणि वय एकोणीस.

येथे पालकांच्या मनात एक प्रश्न येईल. ज्यात एकोणीस वर्षांची मुले जळून मेली, त्याचा खेळ करून मुलांच्या हाती द्यावा काय? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. परंतु आपणही बुद्धिबळात हत्ती, उंट, घोडे मारीतच आलो, आणि दिवाळीत किल्ले बांधून त्यांवर मावळे उभे करीत आलो. खेळातील युद्ध मुलास क्रूर करते की नाही, हे खेळात युद्ध आहे एवढ्यावरून ठरत नसते. त्यात मारण्याची किंमत मोजावी लागते की नाही, हे आधी पाहावे. ज्या खेळात गोळ्या कधी संपत नाहीत, पडलेली माणसे पडद्यावरून नाहीशी होतात आणि पुढे पळणे हाच धर्म असतो, तो खेळ आम्ही स्वतः मुलास देण्यास कचरू. सॉपविथची गोष्ट निराळी आहे. तो हात आखडता घ्यावयास लावतो, बैलास जपावयास लावतो आणि दर काही मिनिटांनी घरी बोलावतो. त्याच्या जोडीला मलिक आणि वेलिणकर यांची हकीकत मुलास सांगता आली, तर ठिपक्यांच्या मागे माणसे होती हेही त्यास समजेल. ती हकीकत मात्र आईबापांनीच सांगावयाची आहे. खेळात ती नाही.

ज्या इमॅजिनेटच्या जाहिरातीसाठी हा सारा खटाटोप झाला, ती योजना बाजारात फारशी चालली नाही. तारांनी जोडून अनेकांनी मिळून खेळण्याचा भाग त्या यंत्रसामग्रीवाचून चालेना, म्हणून तो बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही. एकट्याने खेळण्याचा भाग मात्र कोणत्याही साध्या संगणकावर चाले, आणि तोच एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर जात जगभर पसरला. दुकान बुडाले आणि गारुडी गावोगाव गेला! पुढे २००० साली क्लार्क यांनी खेळाची मूळ संगणकीय लिखावट, जिला सोर्स कोड म्हणतात, ती सर्वांसाठी खुली केली. आरंभी तिचा व्यापारी उपयोग करण्यास मनाई होती. मग चाहत्यांनी विनंती केली तेव्हा त्यांनी ती अधिक मोकळ्या परवान्याखाली दिली. कोणीही वाचावी, बदलावी, बदललेली वाटावी, अट इतकीच की पुढच्यालाही तोच हक्क द्यावा. त्यामुळे हौशी मंडळींनी आजच्या संगणकांवर चालतील अशा नव्या प्रती केल्या. त्या काळचे शेकडो खेळ त्यांच्या कंपन्यांबरोबर कुलपात गेले, त्यांची लिखावट हरवली किंवा वारसांच्या वादात अडकली. हा खेळ वाचला तो देऊन टाकल्यामुळे. ज्यांच्या घरी मूल नव्याने संगणकीय लेखन शिकत आहे, त्यांनी त्यास ही लिखावट अवश्य दाखवावी. ती मुख्यतः सी या भाषेत आहे. विमान केव्हा पडते, इंधन केव्हा संपते, शत्रूचे विमान केव्हा चालून येते आणि केव्हा स्वतःच्या घरी परतते, हे तिच्यात ओळीओळीने वाचता येते.

खेळ विनामूल्य मिळतो. जुनी प्रत हवी असेल तर डॉसबॉक्स नावाच्या साधनाने ती आजच्या यंत्रावर चालविता येते. नवी प्रत घेतल्यास तेवढीही खटपट नको. लहान मुलास प्रथमच बसवावयाचे असेल तर नवशिक्यांचा प्रकार निवडून द्यावा, आणि पहिल्या दिवशी मशीनगनची व बाँबची कळ सांगूच नये. नुसते उडावे, एक फेरी मारावी आणि विमानघरापुढे सुखरूप उतरावे. हे सलग तीनदा साधले म्हणजे पुढचे दाखवावे. आजोबांनाही शेजारी बसवून घेण्यास हरकत नाही. टंकलेखन शिकलेली पिढी पूर्णविराम न पाहता दाबते, आणि उलटे विमान सुलटे करण्यात ती नातवंडांना सहज हरविते. बैलांबद्दल मात्र सर्वांना आधीच बजावून ठेवावे.